कंबरेची शस्त्रक्रिया आणि पायांतील बळ

"पायांत शक्ति राहिली नाहीं" हें वाक्य आपल्या घरांतून दोन अगदीं भिन्न अर्थांनीं बोललें जातें. विषमज्वरांतून उठलेला मनुष्य तें बोलतो, तेव्हां त्याचें सर्व शरीरच क्षीण झालेलें असतें. कांहीं आठवडे चांगला आहार, झोप आणि थोडी हालचाल मिळाली कीं त्याची शक्ति हळूहळू परत येते. परंतु कंबरेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झालेला मनुष्य जेव्हां तेच शब्द उच्चारतो, तेव्हां त्यांचा अर्थ पुष्कळदां असा असतो कीं, पायाचे स्नायू जागच्या जागीं आहेत, पण त्यांस आज्ञा पोंचत नाहीं. पहिल्या प्रकारास अशक्तपणा म्हणावें. दुसऱ्यास बलहानि म्हणावें. एकाच शब्दाखालीं दोन्ही गोष्टी झांकल्या गेल्यामुळें घरांतील वडील मंडळी दुसऱ्या विकारावर पहिल्याचा उपाय सांगतात, आणि त्यांत कधीं कधीं असे तास निघून जातात कीं जे पुन्हा मिळत नाहींत. आम्हांस येथें मुख्यतः त्या तासांविषयीं लिहावयाचें आहे.

हा भेद आपल्या प्राचीन वैद्यांस अपरिचित नव्हता. चरकसंहितेंत वाताचे जे ऐंशीं विकार गणले आहेत, त्यांत गृध्रसीचा समावेश आहे. नितंबापासून निघून मांडी, गुडघा, पोटरी अशा क्रमानें पावलापर्यंत उतरणारी ती वेदना होय. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, कटींतील वायूमुळें एक पाय निकामी झाला तर तो मनुष्य खंज आणि दोन्ही पाय गेले तर पंगु, असें सांगितलें आहे. म्हणजे दुखणें निराळें आणि बळ जाणें निराळें, हें त्यांनीं नांवांनींच वेगळें करून ठेविलें. शब्द निराळे असले म्हणजे विचारहि निराळा होतो, असा आमचा अध्यापनांतील जुना अनुभव आहे; पण आपण आज या दोहोंस मिळून "पाय धरला आहे" एवढेंच म्हणतों!

आतां रचनेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कंबरेचे मणके पांच. मेंदूपासून पाठीच्या कण्यांतून खालीं उतरणारा मज्जारज्जु हा कण्याच्या शेवटापर्यंत जातो, अशी सामान्य समजूत आहे. ती खरी नाहीं. प्रौढ मनुष्यांत तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो, आणि तेथून खालीं सुट्या मज्जातंतूंचा एक झुबका लोंबत असतो. शरीररचनाशास्त्रज्ञांनीं त्यास लॅटिन भाषेंत "घोड्याचें शेपूट" असें नांव दिलें. आपण अश्वपुच्छ म्हणूं. या शेपटींतील एकेक जोडी दर दोन मणक्यांमधील फटींतून बाहेर पडते आणि आपापलें काम पाहते. वरच्या तंतूंच्या बळावर आपण मांडी उचलतों आणि गुडघा ताठ करून जिना चढतों; चौथ्या-पांचव्या तंतूंच्या बळावर पाऊल व पायाचा अंगठा वर उचलला जातो; आणि त्यांच्या खालच्या, माकडहाडाच्या वरील त्रिकास्थींतून निघणाऱ्या पहिल्या तंतूच्या बळावर आपण चवड्यांवर उभे राहतों. त्रिकास्थींतील बाकीच्या तंतूंकडे मलमूत्राचें नियमन आणि बैठकीच्या जागेची संवेदना हीं कामें आहेत. ही वांटणी एकदां ध्यानांत आली म्हणजे डॉक्टर रोग्याला "टांचांवर चाला, आतां चवड्यांवर चाला" असें कां सांगतात, याचा उलगडा होतो. तो खेळ नव्हे. ती तंतूंची हजेरी आहे.

दोन मणक्यांमधील गादी सरकून तंतूवर दाबली गेल्यामुळें पाय दुखतो, ही गोष्ट वैद्यकास फार उशिरां निश्चितपणें कळली. बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं १९३४ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला. उतारवयांत मणक्यांतील वाटच अरुंद होते, तेव्हां मागचें हाड काढून ती रुंद करावी लागते. मणके एकमेकांवरून घसरत असतील तर स्क्रू आणि सळया घालून ते जखडावे लागतात. प्रकार कोणताहि असो, हेतु एकच कीं, दाबलेला तंतु मोकळा करावयाचा. पण तंतु मोकळा केला म्हणजे तो तत्क्षणीं कामाला लागतोच असें नाहीं. सामान्यतः पायाची कळ आधीं थांबते. बधिरपणा आणि बलहानि मागाहून, सावकाश आणि कधीं अपुरी सुधारते. नॉर्वेंतील वेबर यांनीं गादी सरकलेल्या रोग्यांची दहा वर्षें पाहणी करून १९८३ सालीं तिचा वृत्तान्त दिला. शस्त्रक्रिया झालेले लोक पहिल्या वर्षाच्या अखेरीस न झालेल्यांपेक्षां स्पष्टपणें बरे होते. चार वर्षांनीं तो फरक पुष्कळच कमी झाला होता. याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ, असा कोणी करूं नये. ज्याचें पाऊल दिवसेंदिवस लोळूं लागलें आहे किंवा ज्याचें मूत्र अडलें आहे, त्यास थांबण्याची मोकळीक नसते. अर्थ एवढाच कीं, शस्त्रक्रियेपूर्वीं पाय दुबळा झाला असेल, तर नंतरहि कांहीं महिने तो दुबळा दिसणें हें स्वाभाविक आहे. त्यांत नवें कांहीं बिघडलें असें नव्हे.

बिघडलें असें केव्हां समजावें? शस्त्रक्रियेपूर्वीं जें बळ होतें तें नंतर नाहींसें झालें, किंवा शुद्धीवर आल्यावर जें होतें तें कांहीं तासांनीं ओसरूं लागलें, तर. यांतील दुसरी स्थिति अधिक महत्त्वाची, कारण ती बहुधा घरच्याच माणसाच्या दृष्टीस प्रथम पडते.

आमच्या आप्तवर्गांतील एका साठ वर्षांच्या बाईंची गोष्ट सांगतों. मणक्यांतील वाट अरुंद झाल्यामुळें त्यांची शस्त्रक्रिया झाली. पहिल्या दिवशीं त्या दोन्ही पावलें हालवीत होत्या. सर्व मंडळींनीं समाधान मानलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लघवीची नळी काढली. त्या रात्रीं सोबतीला त्यांची धाकटी सून होती. सासूबाईंची पाठ अधिकाधिक दुखूं लागली, आणि "पाय जड झाले ग, दगडासारखे" असें त्या म्हणूं लागल्या. सुनेनें त्यांच्या पावलांना आपले तळहात लावले आणि म्हटलें, "आई, माझा हात ढकला पाहूं." सकाळीं ज्या पायांनीं तिचा हात सहज ढकलला होता, ते आतां नुसते थरथरले. तिनें हलक्या आवाजांत विचारलें, "नळी काढल्यापासून लघवीला झालं का?" बाई गप्प राहिल्या. झालें नव्हतें, पण थोरल्या मुलासमोर हें कसें सांगावें म्हणून त्यांनीं दिवसभर कोणासच सांगितलें नव्हतें. सुनेनें दिराला दूरध्वनि केला. ते म्हणाले, "अहो वहिनी, गुंगीच्या औषधानं पाय जड होतातच. आतां झोपूं द्या तिला, सकाळीं डॉक्टर येतील तेव्हां बोलूं." सुनेनें एवढेंच उत्तर दिलें, "भाऊजी, गुंगी उतरते तसे पाय हलके व्हायला हवेत. हे तर जड होत चाललेत." आणि तिनें परिचारिकेस हाक मारली. मध्यरात्रीं चुंबकीय यंत्रानें कण्याचें चित्र घेतलें. शस्त्रक्रियेच्या जागीं रक्त सांचून त्याच्या गुठळीनें सबंध अश्वपुच्छच दाबलें होतें. उजाडण्यापूर्वीं जखम पुन्हा उघडून तें रक्त काढण्यांत आलें.

असा रक्तसंचय विरळाच होतो; हजार शस्त्रक्रियांमागें फार थोड्यांत. परंतु झाला म्हणजे त्यास रात्र-दिवस ठाऊक नसतो. तंतूंवरील दाब जितक्या कमी तासांत निघेल तितकी बळ परतण्याची आशा अधिक, आणि सकाळच्या फेरीची वाट पाहण्यांत जे आठ-दहा तास जातात ते नेमके मोलाचे असतात. त्या सुनेचें एक वाक्य आम्हांस फार मार्मिक वाटतें. भूल उतरत असतां पाय हलके होत जातात. दाब वाढत असतां ते जड होत जातात. दिशा कोणती, एवढें पाहण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. दोन-दोन तासांनीं पाऊल वर ओढावयास आणि खालीं ढकलावयास सांगावें, पूर्वीच्या खेपेशीं तुलना करावी, आणि उतार दिसला तर ताबडतोब बोलावें. दोन्ही पाय दुबळे होणें, बैठकीची जागा बधिर होणें, लघवी अडणें किंवा नकळत होणें, यांपैकीं एकहि गोष्ट आढळली तर तें तात्काळ उपायाचें संकट समजावें.

आणि लाज! आपल्या घरांतील वयोवृद्ध बायका प्रसंगीं प्राण कंठाशीं आले तरी लघवीची गोष्ट मुलाजवळ काढीत नाहींत, आणि मुलगाहि ती विचारीत नाहीं. म्हणून रुग्णालयांत सोबतीला अशा एका व्यक्तीनें असावें कीं जिच्याजवळ रोगी निःसंकोच बोलेल. मग ती सून असो, बहीण असो वा मुलगी. पुरुष रोग्यांचेंहि याहून निराळें नाहीं. निर्णय घेणारे कर्ते पुरुष दिवसा येतात, पाहणारी बाई रात्रभर बसते, आणि जिनें पाहिलें तिचें म्हणणें ज्यांनीं पाहिलें नाहीं ते खोडून काढतात, ही आपल्या एकत्र कुटुंबांतील जुनी खोड आहे. अशा प्रसंगीं तरी जिनें पाहिलें तिचें मत प्रमाण मानावें.

बलहानीचीं दुसरीं कारणें थोडक्यांत सांगतां येतील. गादीचा तुकडा काढतांना तंतु बाजूस ओढून धरावा लागतो. तेवढ्या ताणानेंहि तो कांहीं काळ मूक होतो. स्क्रू जागा सोडून तंतूजवळ गेला, तर कळ आणि बलहानि दोन्ही होतात, आणि तो बदलावा लागतो. फार घसरलेला मणका परत जागीं आणतांना पांचवा तंतु ताणला जातो. कुशींतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मांडी उचलण्यास त्रास होतो, पण तो बहुतेकांचा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत जातो. कधीं तर दोष पाठींत नसतोच. टेबलावर तासन्‌तास पालथें असतां गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, हाडावरून जाणारा तंतु दाबला जातो आणि पाऊल लोळूं लागतें. म्हणून पाऊल लोळलें म्हणतांच "शस्त्रवैद्यानें शीर कापली" असा बोभाटा करूं नये. तसेंच "प्राक्तन" म्हणून स्वस्थहि बसूं नये. आधीं कारण विचारावें. चित्र घ्यावें लागेल, आणि तंतूची विद्युत्परीक्षाहि करावी लागेल. मात्र ही परीक्षा सुमारें तीन आठवड्यांपूर्वीं पुरती बोलत नाहीं, कारण इजेच्या खुणा स्नायूंत उमटण्यास तितका काळ लागतो.

बळ परत येईल कीं नाहीं, आणि येईल तर केव्हां, हा प्रश्न घरांतील प्रत्येकजण विचारतो आणि त्याचें नेमकें उत्तर कोणी देत नाहीं. इंग्लंडांतील सेडन यांनीं दुसऱ्या महायुद्धांतील जखमी सैनिकांवर काम करीत असतां, १९४३ सालीं तंतूंच्या इजेचे तीन वर्ग पाडले; ते आजहि उपयोगी आहेत. पहिल्यांत तंतु अखंड असतो, फक्त त्यांतून संदेश जाणें थांबतें; जणूं रस्ता शाबूत आहे पण पूर आल्यामुळें रहदारी बंद आहे. हा प्रकार दिवसांत, आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत बरा होतो. दुसऱ्यांत आंतील धागा तुटतो पण बाहेरची नळी टिकते. धागा त्या नळींतून पुन्हा वाढत जातो. तिसऱ्यांत दोन्ही तुटतात, आणि आपोआप सुधारण्याची आशा फारशी राहत नाहीं.

दुसऱ्या प्रकारांतील वाढीचा वेग दिवसास सुमारें एक मिलिमीटर धरतात. आतां गणित करूं. महिन्यास तीन सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक इंच. कंबरेपासून पाऊल उचलणाऱ्या स्नायूपर्यंत, म्हणजे गुडघ्याच्या खालपर्यंत, अंतर साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर. म्हणजे वीस ते तेवीस महिने! शिवाय स्नायु फार काळ रिकामा राहिला तर तो वाळून जातो, आणि मग उशिरां आलेल्या धाग्यास तेथें काम उरत नाहीं. सुदैवानें पुष्कळांची इजा मिश्र असते. थोडे धागे शाबूत, थोडे मूक, थोडे तुटलेले. आणि शाबूत धागे शेजारच्या स्नायुसूत्रांचाहि भार उचलूं लागतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत थोडी तरी हालचाल दिसूं लागली तर तें शुभचिन्ह समजतात. पण तीन आठवड्यांत पाय पूर्ववत् झाला नाहीं म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वैद्याकडे धांवणाऱ्यांनीं वरील गणित एकदां कागदावर मांडून पाहावें.

स्नायूंचें बळ मापण्याची पद्धति शिक्षकाच्या हृदयास फार जवळची आहे. पांचांपैकीं गुण देतात. मुळींच हालचाल नाहीं तर शून्य. स्नायु नुसता फुरफुरला तर एक. वजन न पेलतां, पाय आडवा ठेवून हालला तर दोन. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलला तर तीन. परीक्षकाच्या हाताच्या दाबाविरुद्ध थोडा टिकला तर चार. पुरा टिकला तर पांच. यांत चाराची पायरी फार रुंद आहे. जेमतेम टिकणाऱ्यासहि चार आणि जवळजवळ निरोग्यासहि चार. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांकडून दोन्ही पायांच्या प्रमुख स्नायूंचे गुण कागदावर लिहून घ्यावे. नंतर वाद पडतो तो बहुधा "पूर्वीं किती होतें" यावरच, आणि स्मरणशक्ति ही अशा कामीं फार वाईट साक्षीदार आहे.

वर सांगितलेल्या बाईंची लघवी तीन आठवड्यांत सुरळीत झाली, उजवा पाय दोन महिन्यांत. डावें पाऊल मात्र लोळत राहिलें. अशा रोग्याचें घरांतलें जिणें लहानसहान गोष्टींवर अवलंबून असतें. पाऊल उचलत नसलें म्हणजे चप्पल पायांतून निसटते आणि मनुष्यास तें कळतहि नाहीं. बोटें उंबरठ्यास अडकतात. पाऊल जमिनीवर थप्पकन् पडतें. म्हणून मागें पट्टा असलेलें पादत्राण वापरावें. गालिचे, सतरंज्या आणि दारांतील पायपुसणीं कांहीं दिवस गुंडाळून ठेवावींत. न्हाणीघराची फरशी कोरडी असावी, तेथें धरावयास भक्कम दांडी असावी. पाटावर किंवा जमिनीवर बसण्याचा आग्रह सोडून उंच खुर्ची द्यावी. देवपूजा खुर्चीवर बसून केली तर देव रागावत नाहीं. पाऊल काटकोनांत धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळते. ती घालण्याची कित्येकांस लाज वाटते. पण ती नसली तर पाऊल खालीं झुकलेलें राहून टांचेमागील शीर आंखडते, आणि पुढें बळ परत आलें तरी पाऊल वर येत नाहीं. व्यायामशिक्षकानें सांगितलेल्या हालचाली दिवसांतून अनेक वेळां, थोड्या थोड्या कराव्या. कण्हत कण्हत एकदांच तासभर केल्यानें लाभ नाहीं.

शेकण्याविषयीं एक कळकळीची सूचना. बधिर पावलास उष्ण पिशवी किंवा तव्यावर तापविलेली पुरचुंडी लावूं नये. रोग्यास चटका कळत नाहीं; फोड आल्यावर कळतें, आणि मधुमेह असला तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाहीं. तसेंच, ताज्या शस्त्रक्रियेच्या पाठीस मालीशवाल्याच्या हवालीं करूं नये, मग त्याच्या हातगुणाची कीर्ति गांवभर असली तरी.

आमच्या वाचकवर्गापैकीं पुष्कळ घरें पूर्ण शाकाहारी असल्यामुळें आणखी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य आहे. ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नांत स्वभावतः मिळत नाहीं. दूधदुभत्यांतून तें थोडें मिळतें. पुणें येथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं मध्यम वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००६ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यांत सुमारें दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तांत हें सत्त्व कमी आढळलें, आणि शाकाहाऱ्यांत हा धोका अधिक होता. याच्या अभावीं पावलें बधिर होतात, तोल जातो, पाय डगमगतात. तेव्हां पायांची तक्रार सर्वस्वीं मणक्यांचीच असते असें नाहीं. शिवाय भुलीसाठीं कधीं कधीं वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायु शरीरांतील या सत्त्वास निकामी करतो. ज्याच्या अंगीं तें आधींच तुटपुंजें आहे, त्याचे पाय शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवड्यांनीं बिघडूं शकतात, आणि दोष कारण नसतां शस्त्रवैद्याच्या माथीं येतो. रक्ताची ही परीक्षा साधी आहे आणि उपाय गोळीचा वा सुईचा आहे. कंबरेच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरविण्यापूर्वीं ती करून घ्यावी.

उशिरां येणाऱ्या बलहानीचाहि विसर पडूं नये. दोन-तीन आठवड्यांनीं ताप, जखमेंतून स्राव, पाठींत पुन्हा वाढती कळ आणि त्याबरोबर पाय लटपटूं लागले, तर आंत पू झाल्याची शंका घ्यावी. कांहीं महिन्यांनीं एकदम पूर्वीसारखीच कळ पायांत उतरून पाऊल दुबळें झालें, तर त्याच जागीं गादीचा उरलेला भाग पुन्हा सरकला असण्याचा संभव असतो. दोन्ही प्रसंगीं शेजारच्या औषधालयांतून वेदनाशामक गोळ्या आणून चालढकल करण्यापेक्षां, शस्त्रक्रियेचा वृत्तान्त, जुनीं चित्रें आणि तो पांचांपैकीं गुणांचा कागद हे सर्व बरोबर घेऊन त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें.